काडिझचे लोक ‘स’ गिळतात

स्पेनहून परत आल्यावर सोसायटीतल्या बायकांनी मला विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी जरा विचारात पडले. राजवाडे पाहायचे राहून गेले, बैलांची झुंज पाहायची इच्छाच नव्हती आणि समुद्र तर वसईलाही आहे. खरं सांगायचं तर नऊ दिवस मी माणसांच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ कसे हलतात, जीभ कुठे टेकते, एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे शोधत होते. त्यामुळे हे प्रवासवर्णन बरंचसं तोंडांचंच आहे.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन वसईत आले आणि मुंबईतल्या एका निर्यात कंपनीत पत्रव्यवहाराच्या कामाला लागले. तिथे स्पॅनिश पत्रं यायची, म्हणून शनिवारच्या वर्गाला नाव घातलं. सहा वर्षं शिकले. आमच्या बाई माद्रिदला राहून आलेल्या, आणि त्यांच्या कॅसेटमधला माणूस इतकं स्वच्छ बोलायचा, जणू प्रत्येक शब्द धुऊन दोरीवर वाळत घालतोय. सगळ्या परीक्षांत मी पहिली. मात्र खऱ्याखुऱ्या स्पॅनिश माणसाशी समोरासमोर बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ही गोष्ट मी कुणाला सांगितलीही नव्हती.

इनासकाका आमचे जुने ओळखीचे. गावात केळीची वाडी आणि गोखिवऱ्याला आंब्याचा रस डबाबंद करायचा छोटा कारखाना. छोटे डबे नीट व्हायचे, पण हॉटेलांना जाणारे मोठे डबे झाकणाच्या कडेने गळायचे, फुगायचे. दोनदा सगळा माल परत आला होता. तेव्हा एका दलालाने त्यांना सांगितलं की स्पेनच्या दक्षिण टोकाला, काडिझकडे, मासे डबाबंद करणारा एक कारखाना बंद पडला आहे आणि त्याचं झाकण बसवायचं मशीन विकायला आहे.

"तू येशील काय आमच्याबरोबर?" इनासकाकांनी विचारलं. "त्यांना इंग्लिश येत नाय, मला स्पॅनिश येत नाय. मधे कोन तरी पायजे."

सिसिलियाकाकीही येणार होत्या. त्यांना मशीनशी काही देणंघेणं नव्हतं, पण नवरा परक्या देशात काय खाईल याची काळजी होती. मी लगेच हो म्हटलं. २००१ सालचा मे महिना होता.

माद्रिद

माद्रिदचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. टॅक्सीवाला बोलला, मला कळलं. दुकानदारीण बोलली, कळलं. कॅसेटमधला माणूसच जणू शहरभर फिरत होता. मी काकांना बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट मागवून दिलं, काकींना पाव. पाव पाहून काकी म्हणाल्या, "हा आपल्याकडं शिळा झाल्यावर असा होतो," आणि तरीही दोन खाल्ले.

"माधुरी, तू म्हंजे तिथलीच वाटते," काका म्हणाले. मी नको नको म्हणत ते कौतुक घेतलं.

पहिला खडा लागला तो हॉटेल सोडताना. त्या दिवशी काउंटरवर नवी बाई होती. मी नाव विचारलं. ‘माझं नाव अमुक’ याला आम्ही शिकलेलं वाक्य ‘यो मे यामो’ असं सुरू होतं. ती म्हणाली, "शो मे शामो..." मला वाटलं तिला सर्दी झाली आहे. मग रस्त्याला ती ‘काये’ऐवजी ‘काशे’ म्हणाली, तेव्हा सर्दी नाही एवढं कळलं. ती अर्जेंटिनाची निघाली.

"कुठे निघालात?" तिने विचारलं. मी काडिझ म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. "देव तुमचं भलं करो. मी तिथे आठ महिने काम केलं. तिथले लोक काय बोलतात ते मला अजून कळलेलं नाही."

"काय बोलली?" काकांनी विचारलं.

"शुभेच्छा देतेय," मी म्हटलं.

दक्षिणेला

गाव छोटं होतं. पांढरी घरं, समुद्राचा वारा आणि सुकट वाळत घातल्यासारखा वास. त्या वासाने काकी गाडीतून उतरताच खूश झाल्या. मशीनचे मालक राफाएल आम्हाला घ्यायला आले होते. पन्नाशीचे, पोट सुटलेले, आवाज मोठा. त्यांनी काकांना मिठी मारली आणि बोलायला सुरुवात केली. दोन मिनिटं बोलले. मध्ये एकदा हसले, एकदा छातीवर हात ठेवला, एकदा आकाशाकडे बोट केलं.

मला एक शब्द कळला नाही.

त्या माणसाच्या बोलण्यातून ‘स’ नाहीसाच झाला होता. शब्दाच्या शेवटी यायचा तो गिळलेला, मधला हवेत विरलेला. ‘द’ कुठे पडला होता देव जाणे. ‘मास ओ मेनोस’, म्हणजे ‘कमीजास्त’, हे ते ‘मा ओ मेनो’ म्हणत होते, आणि तेही इतक्या झटक्यात की मला ते एखाद्या बाईचं नाव वाटलं.

काका माझ्याकडे पाहत थांबले होते. "काय बोलले?"

"स्वागत करतायत," मी म्हटलं.

"एवढा वेळ?"

"मनापासून करतायत."

लग्नानंतर पहिल्या वर्षी माझं वसईत असंच झालं होतं. काकी आपल्या जावेशी घरच्या बोलीत बोलू लागल्या की मी साताऱ्याची मराठी कानात घेऊन नुसती हसत बसायची. पण तिथे मला कुणी दुभाषी म्हणून नेलं नव्हतं.

कारखान्यात मशीन सुरू करून दाखवायला एक म्हातारी आली होती. रेमेदिओस तिचं नाव. सत्तरीची, बुटकी, काळा झगा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चाळीस वर्षं तिने ते मशीन चालवलं होतं. तिने ट्यूना माशाचे छोटे डबे एकामागून एक लावले आणि झाकणं खटाखट बसली. काका वाकून कडा तपासत होते. त्यांनी मला विचारायला सांगितलं की मोठे डबे बंद होतात का.

मी विचारलं. रेमेदिओस बोलली. राफाएल ‘स’ गिळत असतील, तर ही अख्खी वाक्यं गिळत होती. मला ऐकू आलं ते असं: "तोआ... एनो... ला ग्रान्दे." ‘तोआ’ म्हणजे ‘तोदास’ असणार, सगळे. ‘ग्रान्दे’ म्हणजे मोठे. मधला शब्द ‘बुएनो’ असावा, म्हणजे चांगलं. पुढे ती आणखी बरंच बोलली, हातवारे करत, राफाएलकडे जरा रागाने पाहत.

मी म्हटलं, "पुन्हा सांगाल का?" तिने पुन्हा सांगितलं, तेवढ्याच वेगात. तिसऱ्यांदा विचारायला माझी जीभ रेटेना. काका शेजारी उभे होते. सहा वर्षं पहिली आलेली मी.

"म्हणतेय, सगळे बंद होतात," मी म्हटलं. "मोठेसुद्धा. चांगले होतात."

काकांचा चेहरा उजळला. सोमवारी करारावर सह्या करायचं ठरलं.

निघताना राफाएल म्हणाले की उद्या रविवारी दुपारी तुम्ही तिघं यायचंच. एवढं मला नीट कळलं, आणि कुठे यायचं तेही स्वच्छ ऐकू आलं: "आ मि काथा."

‘कासा’ म्हणजे घर. ‘काथा’ म्हणजे शिकार. हा फरक आमच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात घोटून घेतला होता. अखेर एक तरी शब्द ठणठणीत ओळखीचा सापडला याचा मला इतका आनंद झाला की मी लगेच जाहीर केलं, "त्यांनी आपल्याला शिकारीला बोलावलंय."

काकांनी डोकं खाजवलं. वाडीत गलोलीने कावळे हाकलण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं. "नको म्हटलं तर वाईट दिसेल," ते शेवटी म्हणाले. "माल घ्यायचाय त्याच्याकडनं."

"मी पन येनार," काकी म्हणाल्या. "तुमच्या हातात बंदूक देऊन मी इथं बसनार नाय."

आम्ही बाजारात जाऊन काकांना गुडघ्यापर्यंतचे हिरवे गमबूट घेतले. काकींना गवताची रुंद टोपी. आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकाने काकांना स्वतःची दुर्बीण दिली. मी त्याला शिकारीचं सांगितलं तेव्हा तो काहीतरी म्हणाला होता, बहुतेक हा मोसम नाही असं काही, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

रविवार

दिलेल्या पत्त्यावर जंगल नव्हतं. गावाच्या मधोमध एक घर होतं, दाराला पांढऱ्या फुलांची माळ. मी म्हटलं, इथून सगळे एकत्र निघणार असतील. दार उघडलं. अंगणात लांबच लांब टेबलं, सुटाबुटातले पुरुष, उंच टाचांच्या बायका आणि मधोमध आठेक वर्षांची एक मुलगी, पायघोळ पांढरा झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात मेणबत्ती. बोलणं थांबलं. चाळीसएक माणसं हिरव्या गमबुटांकडे पाहू लागली.

काकींना एका नजरेत कळलं. "माधुरी," त्या हळूच म्हणाल्या, "हे पोरीचं कम्युनियन आहे."

हा सोहळा वसईच्या प्रत्येक ख्रिस्ती घरात होतो. पोर पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेते त्या दिवशी असाच पांढरा झगा, अशीच मेणबत्ती, अशीच जेवणावळ. काकींनी टोपी काढून माझ्या हातात दिली, पर्समधून गावच्या चर्चमधली जपमाळ काढली, मुलीजवळ जाऊन तिच्या कपाळावर क्रूस केला आणि जपमाळ तिच्या हातात ठेवली. मग स्वयंपाकघर कुठे आहे ते वासावरून ओळखून त्या आत गेल्या. पुढचा तासभर त्या तिथल्या बायकांशी अखंड बोलत होत्या. वसईच्या मराठीत. त्या बायका काडिझच्या स्पॅनिशमध्ये. मध्येमध्ये दोन्हीकडून हसणं ऐकू येत होतं.

काका अंगणात गमबूट घालून उभे होते. गळ्यात दुर्बीण. राफाएलनी माझ्याकडे पाहिलं. मी जे समजले होते ते सांगून टाकलं.

राफाएल आधी खुर्चीवर बसले, मग हसून हसून डोळे पुसू लागले. त्या भागात ‘स’ जिथे गिळत नाहीत तिथे त्याचा ‘थ’ करतात. म्हणजे ‘मि कासा’, माझं घर, हे त्यांच्या तोंडून ‘मि काथा’ असंच येणार. ही बातमी टेबलांवरून फिरली. म्हातारे पुरुष येऊन काकांचा हात हातात घेऊन त्यांच्या गमबुटांची विचारपूस करू लागले. कुणीतरी त्यांच्या ताटात भाजलेला ससा वाढला आणि म्हणालं की ही तुमचीच शिकार. काका ससा खात नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी खाल्ला.

मग प्रत्येक जण माझी परीक्षा घ्यायला आला. सगळ्यात अवघड निघाला मुलीचा बाप. तो चिलीचा होता. तो शब्दांची शेपटंच काय, धडही ठेवत नव्हता, आणि प्रत्येक वाक्याला ‘काचाय’ असं काहीतरी जोडत होता. मी हात टेकले. राफाएल माझ्या कानाशी येऊन, माझ्यासाठी मुद्दाम सावकाश म्हणाले, "माझा जावई आहे. नऊ वर्षं झाली. अजून मी माझ्या लेकीला विचारतो, हा काय म्हणाला म्हणून."

जेवताना माझ्या शेजारी गावचे फादर तोमास बसले होते. ते बोलले आणि मी चमचा खाली ठेवला. प्रत्येक शब्द कळत होता. ते उत्तरेकडचे, बुर्गोसचे. वीस वर्षांपूर्वी बदली होऊन इथे आलेले.

"तुम्हाला सुरुवातीला कळायचं?" मी विचारलं.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "पहिलं वर्षभर लोक पापं कबूल करायला यायचे. मी ऐकायचो, मान हलवायचो आणि सगळ्यांना एकच प्रायश्चित्त द्यायचो. तीन प्रार्थना. ज्याने चोरी केली त्यालाही तीन आणि जी शेजारणीवर चिडली तिलाही तीन. गावात माझं फार नाव झालं. म्हणायचे, हा फादर किती दयाळू आहे."

मी हसले. मग हसता येईना.

"विचारायला लाज वाटायची?" मी म्हटलं.

"मी फादर होतो," ते म्हणाले. "मलाच कळत नाही असं कसं सांगणार?"

समोर काका सशाचं हाडूक चोखत निर्धास्त बसले होते. सोमवारी ते सह्या करणार होते. मी त्यांना उठवून कोपऱ्यात नेलं.

"काका, त्या म्हातारीचं बोलणं मला नीट कळलं नव्हतं," मी म्हटलं. "मोठ्या डब्यांचं. मी अंदाजाने सांगितलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "मग परत विचारू या. ती बसलीय तिथं."

रेमेदिओस टेबलाच्या टोकाला ऑलिव्ह खात होती. फादर तोमासना मध्ये बसवलं. ती तिच्या स्पॅनिशमध्ये बोलायची, फादर ते माझ्या स्पॅनिशमध्ये सांगायचे, मी काकांना मराठीत. एवढ्या वळणांनी जे आलं ते असं: सगळे डबे बंद होतात, मोठे सोडून. तो शब्द ‘बुएनो’ नव्हता. ‘मेनोस’ होता, इथे अर्थ ‘सोडून’, शेवटचा ‘स’ गिळलेला.

काकांनी डोळे मिटले. मी टेबलक्लॉथकडे पाहत राहिले.

पण रेमेदिओसचं बोलणं संपलं नव्हतं. ती राफाएलकडे बोट रोखून आवाज चढवत होती. फादर ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, "ती म्हणते, मोठ्या डब्यांसाठी वेगळं हेड, म्हणजे झाकण दाबणारा वरचा भाग, लागतं. ते बारा वर्षांपूर्वी काढून ठेवलं. मागच्या गोदामात आहे, तेलात भिजवलेल्या गोणपाटात. हे तिने काल तुम्हाला दोनदा सांगितलं. राफाएलला काही लक्षात राहत नाही, असंही म्हणते."

राफाएलनी कपाळाला हात लावला.

सोमवार

हेड सापडलं. गोणपाट सोडल्यावर ते नव्यासारखं चमकत होतं. रेमेदिओसने स्टूलवर चढून ते बसवायला घेतलं. ती एक बोल्ट दाखवायची, काका पाना पुढे करायचे. ती मान हलवायची, काका दुसरा पाना द्यायचे. दीड तास दोघं काम करत होते आणि मला कुणी एकदाही हाक मारली नाही. मी काकांचा कोट धरून उभी होते.

मोठ्या डब्यात पाणी भरून झाकण बसवलं. काकांनी डबा उलटा करून डोक्यावर धरला आणि तसेच उभे राहिले. काकींनी खालून हात फिरवून पाहिला. "पानी नाय," त्या म्हणाल्या. "एक थेंब नाय."

सह्या झाल्या. निघायच्या वेळी रेमेदिओसने माझं मनगट धरलं आणि काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी म्हटलं, "पुन्हा सांगा." तिने सांगितलं. मी म्हटलं, "पुन्हा." तिने थोडं सावकाश सांगितलं. चौथ्यांदा कळलं. तिकडे हे मशीन कोण चालवणार, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. पुरुष की बाई. पुरुष मशीनला घाई करतात, असं तिचं म्हणणं होतं.

मी काकांना सांगितलं. काकांनी मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सांग तिला, बाई चालवील."

विमानात मी विचारलं, "कोण चालवणार, काका?"

"ठाऊक नाय," ते म्हणाले. "शोधू या."

गोखिवरे

मशीन पावसाळ्यानंतर आलं. काकांनी कारखान्यात लेबलं चिकटवणाऱ्या कल्पनाला त्याच्यावर बसवलं. ती तुळिंजहून यायची, तिशीतली, फार न बोलणारी. पहिल्या दिवशी दोन पुरुष कामगार हसले. महिनाभरात तेच तिला विचारून बोल्ट आवळू लागले. दिवाळीपर्यंत मोठा एकही डबा परत आला नाही. काकांनी मशीनसमोर कल्पनाचा फोटो काढून रेमेदिओसला पाठवला. मागे मी स्पॅनिशमध्ये चार ओळी लिहिल्या, व्याकरणाची एकही चूक न करता.

नाताळाच्या आधी उत्तर आलं. रेमेदिओसने स्वतः लिहिलं होतं, वहीच्या फाडलेल्या पानावर. मी वाचायला घेतलं आणि अडले. शब्द ओळखू येईनात. तीनदा वाचलं. मग लक्षात आलं की ती जशी बोलते तसंच तिने लिहिलं आहे. ‘स’ नव्हते. ‘द’ नव्हते. जिथे ‘स’ राहिला होता तिथे त्याचा ‘थ’ झाला होता.

मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि पत्र मोठ्याने, घाईघाईने वाचलं. शब्द आपोआप जागेवर आले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गोखिवऱ्याला गेले. कल्पना मशीनवर होती. तिने मशीन थांबवलं.

"स्पेनच्या त्या आजीचं पत्र आलंय," मी म्हटलं. "तिने फोटो पाहिला. म्हणते, पोरगी नीट उभी आहे, हात बरोबर जागी आहेत. पण तुझ्या ओढणीचं टोक सुटं आहे आणि उजवीकडचं चाक ओढून घेतं. तिच्या स्वतःच्या शालीचं टोक एकदा त्यात गेलं होतं."

कल्पनाने खाली पाहिलं. टोक सुटंच होतं. तिने मंगळसूत्रातली सेफ्टीपिन काढली, ओढणी पाठीमागे घट्ट अडकवली आणि मशीन सुरू केलं.